कॉलेजच्या इन्क्युबेशन सेंटरचा खरंच उपयोग होतो का?

कळव्याचा पोरगा:
यंदा इलेक्ट्रॉनिक्समध्ये बी.ई. झालो. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी किती उरलंय ते मोबाइलवर दाखवणारं यंत्र फायनल इयरला केलं होतं, त्याचाच धंदा करायचा विचार आहे. कॉलेजचं इन्क्युबेशन सेंटर आहे, नवे धंदे उभे करायला मदत करणारं. कॉलेज म्हणतंय, आमच्या सेंटरला ये, टेबल देऊ, मेंटॉर देऊ. आई म्हणते, आधी नोकरी बघ. टेबल काय, घरीही आहे. जाऊ का?

मुलुंडची ताई:
टेबलासाठी जाऊ नकोस. मी अशाच एका सेंटरात दोन वर्षं काढली. मेंटॉर साहेब तीन महिन्यांतून एकदा यायचे, अमेरिकेतल्या गोष्टी सांगायचे नि समोसा खाऊन जायचे.

पण लॅब! माझं यंत्र मासळीच्या बर्फपेटीतलं तापमान मोजायचं. ससून डॉकला आठवडाभर ठेवलं की आकडे वाट्टेल तसे. लॅबमधल्या काकांनी झाकण उघडलं, बोर्ड उजेडात धरला. तांब्यावर हिरवट थर. ‘खारी हवा गं, वरून लॅकरचा हात मार.’ लॅमिंग्टन रोडवरून डबी आणली, काम झालं. घरी बसून मी प्रोग्राममध्येच चूक शोधत राहिले असते.

दुसरं, लेटरहेड. गच्चीची किल्ली सेक्रेटरी तुला देणार नाही, कॉलेजच्या पत्राला देईल.

आणि कंपनी नोंदवायची घाई नको. मी हौसेनं आधीच प्रायव्हेट लिमिटेड करून बसले. २०२२ मध्ये सरकारच्या स्टार्टअप इंडिया सीड फंडाचा अर्ज भरायला घेतला, तर अट अशी की कंपनी दोन वर्षांच्या आतली हवी. माझी सव्वा महिन्यानं थोरली! २० लाखांपर्यंतचं अनुदान गेलं. निधी-प्रयास या सरकारी योजनेला कंपनी नसली तरी चालतं, नमुना बनवायला १० लाखांपर्यंत मिळतात. पवईला आयआयटीच्या ‘साइन’ या इन्क्युबेशन सेंटरमध्ये चौकशी कर.

गिरगावकर:
करार वाचलास का? कॉलेजांतल्या स्टार्टअपसाठीच्या २०१९ च्या राष्ट्रीय धोरणात विद्यार्थ्याच्या कंपनीत संस्थेचा हिस्सा २ ते ९.५ टक्के धरलाय. पण तो संस्थेचं नाव, प्राध्यापकांची मदत, पेटंट वगैरे किती वापरता त्यावर. नुसत्या टेबलाचे साडेनऊ मागितले तर लांबूनच नमस्कार.

कळव्याचा पोरगा:
आत्ता वाचला. आठ टक्के! लॅबचा एका शब्दानं उल्लेख नाही. उद्या जाऊन विचारतो.

मुलुंडची ताई:
शनिवारी उघडी असते का तेही विचार. आणि काका अजून आहेत का.