मदत हवी आहे: लेखाखालचा लेखक-परिचय कसा लिहू?

नमस्कार मंडळी. मी कांद्याची साठवणूक आणि कांदाचाळीची बांधणी यावर मराठीत लेख लिहितो. ते इतर वेबसाइटनीही घ्यावेत, फार लोकांपर्यंत पोचावेत अशी मनापासून इच्छा आहे. म्हणून क्रिएटिव्ह कॉमन्सचा 'बीवाय-एनडी ४.०' परवाना दिलाय: श्रेय देऊन कुणीही छापावं, जाहिराती असलेल्या साइटनीसुद्धा, फक्त मजकुरात बदल नको.

अडतंय ते शेवटच्या परिचयाशी. सध्याचा असा आहे:

"लेखक कृषी पदवीधर असून नाशिक जिल्ह्यात कांदा साठवणुकीचं काम करतात. सल्ल्यासाठी संपर्क साधा. नाव व मूळ लिंक ठेवून हा लेख विनामूल्य पुनर्प्रकाशित करता येईल."

एका संपादकांचं म्हणणं, सल्ल्याची ओळ जाहिरातीसारखी वाटते, त्यामुळे लेख घेताना हात आखडतो. मला ते पटलं. पण ती काढली तर चाळीत कांदा सडतोय असा शेतकरी माझ्यापर्यंत पोचणार कसा? लिंक थेट 'चाळीत हवा कशी खेळवावी' या लेखाची दिली तर चालेल का? आणि परवान्याची ओळ परिचयातच असावी की वेगळी?

ज्यांचे लेख नियमित पुनर्प्रकाशित होतात, त्यांनी आपला परिचय इथे जसाच्या तसा टाकला तर फार मदत होईल.