वाईन बनवायला शिकायचंय, घरचे तयार नाहीत, काय करू?

वेलीखालची: नमस्कार, मी तासगाव तालुक्यातली, वय २४, बीएस्सी मायक्रोबायोलॉजी झालंय. घरची अडीच एकर द्राक्षबाग, थॉमसन आणि माणिक चमन या जाती, बराचसा माल बेदाण्यालाच जातो. मागच्या वर्षी नाशिकला एका वायनरीत आठवडाभर होते, टाकीला कान लावला की आत रस आंबताना बारीक चरचर ऐकू येते, ती अजून कानातून जात नाही. आण्णा म्हणतात द्राक्षं पिकव, बेदाणा कर, पण आमची पोरगी दारूच्या धंद्यात नको. आईनं बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरलाय, स्थळं पण बघायला लागलेत. कोर्स करू का आधी नोकरी?

मांजरीकर: कोर्समध्ये डब्ल्यूएसईटी हा वाईनचा परदेशी कोर्स चांगला आहे पण तो चव ओळखणं, हॉटेल, विक्री या लाईनचा. बनवायचीच असेल तर पुण्याला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच्या वाईनच्या कोर्सची चौकशी कर, मायक्रोवाल्यांना तिथलं पटकन कळतं. पण फी भरायच्या आधी जानेवारी ते मार्च एक सीझन कुठल्यातरी सेलरमध्ये, म्हणजे वायनरीत वाईन बनते त्या भागात, काढच. दिवसभर क्रेट उचलायचे, टाक्या धुवायच्या, रेड वाईनला सालींचा थर वर येतो तो दिवसातून दोन-तीनदा खाली दाबायचा, कधीकधी रात्री पण. आणि आंबणाऱ्या टाकीत एकटीनं वाकून बघायचं नाही, कार्बन डायऑक्साईडनं माणूस जागेवर पडतो.

पलूसचा_शेतकरी: ताई, मी थोडं वेगळं बोलतो. आमच्या पलूसला वाईन पार्क, म्हणजे वायनऱ्यांसाठीची औद्योगिक वसाहत, झालं तेव्हा लोकांनी हौसेनं वाईनच्या जाती लावल्या, आम्ही शिराझ लावलेली, पुढं माल घ्यायला कोणी येईना तेव्हा कुऱ्हाड लावली. वडील त्या दिवशी बागेकडं फिरकले नाहीत. तुझे आण्णा दारू दारू म्हणत असतील पण पोटात ही भीती असणार. घरची बाग मोडायची नाही, मी फक्त नोकरी करणार, हे पहिल्याच वाक्यात सांग.

सेलरमधली: मी मिरजेची, सहा वर्षं नाशिकला याच कामात आहे. आण्णांना समजावत बसू नकोस गं, त्यांना विचार. थॉमसन आपण १८ ब्रिक्सला, म्हणजे रसात साधारण १८ टक्के साखर आली की, तोडतो, वाईनची २२-२४ पर्यंत वेलीवर ठेवतात कारण त्या साखरेचंच अल्कोहोल होतं, तर तेवढे दिवस घड कसे सांभाळायचे, एका वेलीवर किती ठेवायचे, हे त्यांच्याइतकं कोर्सवाल्यांना सुद्धा येणार नाही. माझ्या वडिलांनी पहिल्या सीझनला स्वतः येऊन घड हातात घेतला, मणी चावून बी दाताखाली फोडली आणि म्हणाले अजून चार दिवस थांबा. तिथनं पुढं घरात दारू हा शब्द निघाला नाही.

वेलीखालची: सगळ्यांना मनापासून थँक्यू. काल रात्री जेवताना बाग मोडणार नाही हे आधी सांगितलं आणि मग घडांचं विचारलं, आण्णा अर्धा तास खरड छाटणीपासनं बोलत होते, ताटातली भाकरी वाळली तरी. उठताना एवढंच विचारलं, नाशिकला राहायची सोय काय? सेलरमधली ताई, मुलींसाठी खोली कुठं मिळंल, जरा सांगशील का?