मदत हवी आहे : टायमिंग तीनदा लावले, तरी गाडी घाटात ओढत नाही

राजेंद्रनगरकर
नमस्कार. टायमिंगच्या दिव्याने पुलीवरची खूण पाहून मी तीन वेळा टायमिंग, म्हणजे प्लगला ठिणगी पडण्याची वेळ, लावले, तरीही गाडी चढावर ओढत नाही आणि इंजिन तापते. मागच्या रविवारी महेश्वरहून इंदूरला परतताना धामनोदच्या पुढे मानपूरच्या घाटात दोनदा थांबून बॉनेट उघडे ठेवावे लागले. रेडिएटर साफ करून घेतला आहे आणि पंख्याचा पट्टा नवा आहे, तेव्हा ते मुद्दे कृपया पुन्हा काढू नयेत. शनिवारी याच गाडीने लग्नाला जायचे आहे. प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर नेमका किती फिरवावा, एवढेच कोणी सांगावे.

जुना_गॅरेजवाला
गाडी कोणती, इंजिन कोणते, ठिणगीसाठी उघडझाप करणारे पॉइंट आहेत की त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक किट, हे कळल्याशिवाय किती फिरवावा हे कोण सांगणार? चढावर खणखण असा आवाज येतो का, तेही लिहा.

माळव्याचा_पाहुणा
माझ्या गाडीला गॅस किट आहे. गॅसवर टायमिंग पेट्रोलपेक्षा थोडे आधी ठेवावे लागते, त्यामुळे किट बसवताना हा विचार जरूर करावा.

राजेंद्रनगरकर
गॅसचा येथे काही संबंध नाही. गाडी अँबेसेडर आहे, १४८९ सीसी पेट्रोल, आणि पॉइंटच आहेत. खणखण अजिबात येत नाही, उलट आवाज मंद आणि घुमल्यासारखा वाटतो.

वडोदेकर_काका
अहो, दिवा-बिवा कशाला हवा? चाळीस वर्षे मी कानानेच टायमिंग लावत आलो आहे. इंजिन चालू ठेवून डिस्ट्रिब्यूटर फिरवावा, जिथे फेऱ्या सर्वांत जास्त होतील तिथून किंचित मागे घ्यावा आणि बोल्ट आवळावा. आमच्या बडोद्याच्या गाड्या अशाच धावल्या.

जुना_गॅरेजवाला
काका, आपल्या अनुभवाचा आदर आहे, पण बडोद्यात घाट कुठे आहे? उभ्या गाडीत, भार नसताना, सर्वाधिक फेऱ्या देणारे टायमिंग चढावर भार पडला की फार आधीचे ठरू शकते, आणि नॉकिंग, म्हणजे तीच खणखण, सुरू झाले तर पिस्टनला धोका असतो. कान शेवटच्या खात्रीसाठी ठेवावा.
राजेंद्रनगरकर, खणखण नसणे, ओढ नसणे आणि तापणे ही तिन्ही लक्षणे एकत्र आली की टायमिंग मागे पडल्याचा संशय आधी येतो. उशिरा पेटलेले पेट्रोल-हवेचे मिश्रण बाहेर जाईपर्यंत जळत राहते आणि ती उष्णता एक्झॉस्ट व पाण्याला सोसावी लागते. आता तीन गोष्टी सांगा. पॉइंट कधी बदलले? दिवा लावताना आयडलिंग (उभ्या गाडीतल्या इंजिनच्या फेऱ्या) किती होते? कार्बोरेटरकडून डिस्ट्रिब्यूटरला येणारी व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद केले होते का?

राजेंद्रनगरकर
पॉइंट गेल्या महिन्यात घरीच बदलले. त्यांच्यातला गॅप तेव्हाच लावला होता, म्हणून लिहिले नाही. नळी काढून बंद केली होती. आयडलिंग जरा जास्त होते, कारण कमी केले की इंजिन बंद पडत होते.

छावणीची_ताई
दोष या दोन गोष्टींतच आहे, भाऊ. नव्या पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासून बसते, आणि कॅमवर ग्रीसचा पुसटसा हात दिला नसेल तर ती फार लवकर झिजते. टाच झिजली की गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग आपोआप मागे जाते. त्यात आयडलिंग जास्त असताना फेऱ्या वाढल्या की टायमिंग आधी आणणारी डिस्ट्रिब्यूटरमधली वजने आधीच बाहेर फेकली गेलेली असतात, म्हणजे दिव्यात जी खूण बरोबर दिसते तिच्यात वजनांनी दिलेले अंशही मिसळलेले असतात, आणि तुमचे मूळ टायमिंग तेवढेच मागे राहते. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवा, ही कटकटच संपेल.

जुना_गॅरेजवाला
निदान पटले, उपाय नाही. वजनांच्या स्प्रिंगा सैल असतील तर किटही चुकीचेच अंश देईल. आधी इंजिन बंद ठेवून, टाच कॅमच्या उंचवट्यावर असताना गॅप १४ ते १६ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ठेवा, आणि टायमिंग त्यानंतरच लावा. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा धरा, दाब जाणवला की ती कॉम्प्रेशनची फेरी समजा, कारण पुलीची खूण एक्झॉस्टच्या फेरीतही तशीच जुळते. खूण मॅन्युअलमधल्या अंशावर आणून डिस्ट्रिब्यूटरची बारीक वायर आणि बॉडी यांच्यामध्ये १२ व्होल्टचा बल्ब लावा. स्विच चालू असताना बल्ब ज्या क्षणी पेटतो, त्या क्षणी पॉइंट उघडतात. या गाडीत डिस्ट्रिब्यूटरमधला रोटर वरून पाहिल्यास घड्याळाच्या उलट फिरतो, त्यामुळे टायमिंग आधी आणायचे असेल तर डिस्ट्रिब्यूटर काट्याच्या दिशेने फिरवावा.

राजेंद्रनगरकर
मी तिन्ही वेळा उलट दिशेला फिरवत होतो, हे आता लक्षात आले. सियागंजातून आणलेल्या फिलर गेजने आज गॅप मोजला, तो जेमतेम ८ थाऊ भरला. १५ वर आणून बल्बने टायमिंग लावले, आयडलिंगही आता खाली येते. व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढली तर आतली प्लेट मुळीच हलत नाही, तर याच अवस्थेत शनिवारी घाट चढावा का?

छावणीची_ताई
चढा, पण पेट्रोल जास्त लागेल. व्हॅक्यूमने प्लेट ओढणारा डायफ्रॅम (पातळ पडदा) फुटलेला दिसतो. व्हॅक्यूमचा अॅडव्हान्स (टायमिंग आधी येणे) हलक्या भारावर मिळतो, पूर्ण अॅक्सिलरेटर दाबून चढताना त्याचे काम जवळजवळ नसते. कार्बोरेटरकडून येणारी ती नळी मात्र बंद करून ठेवा, नाहीतर फुटक्या डायफ्रॅममधून हवा आत जात राहील.