मापुतोसाठी पोर्तुगीज: ब्राझीलची की पोर्तुगालची?

दर्यावर्दी:
मोझांबिकला, मापुतोत नेमणूक झाली आहे. अ‍ॅपवर ब्राझीलची पोर्तुगीज शिकतोय, ती चालेल का? आणि तिकडे खरंच सगळे पोर्तुगीज बोलतात का? गोव्यात साडेचारशे वर्षं राज्य करूनही ती घराघरांत गेली नाही, मग तिकडे कशी टिकली?

कोपऱ्यातला:
चालेल, लोक समजून घेतील; ब्राझीलच्या मालिका तिकडे आवडीने बघतात. पण शाळा, कचेऱ्या, अर्ज, सगळं पोर्तुगालच्या वळणाचं. आत्ताच रूळ बदला, जिभेला लागलेली सवय नंतर सुटत नाही. सकाळच्या नमस्काराला ब्राझीलवाले 'बों जीया' म्हणतात, मापुतोत 'बों दीया'. बस म्हणजे अ‍ॅपमधलं 'ओनिबुस' नव्हे, 'मशिंबोंबु'. आणि खच्चून भरलेली खासगी मिनीबस ती 'शापा'. लिस्बनवाले स्वर गिळतात तसे तिथले लोक फारसे गिळत नाहीत, त्यामुळे ऐकायला सोपं जाईल.

मराठी माणूस हमखास अडतो तो शेवटच्या अनुनासिकात. पाव मागताना 'पाँउ' असं नाकात म्हणा. नुसतं 'पाउ' म्हणालात तर लाकूड मागितल्यासारखं होतं, आणि त्याचा एक चावट अर्थही आहे. दुकानदार हसला तर कारण कळेल.

जुनी_बखर:
'टिकली' म्हणू नका. मोझांबिकमध्ये ती पसरली मुख्यतः पोर्तुगीज गेल्यावर. १९७५ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा दहातले नऊ लोक निरक्षर होते. १९८०च्या जनगणनेत पोर्तुगीज मातृभाषा असलेले जेमतेम सव्वा टक्का. २०१७ला साधारण साडेसोळा. दुसरी भाषा म्हणून बोलणारे धरले तर निम्म्याच्या आसपास. म्हणजे 'सगळे' नाहीतच. उत्तरेला नांपुलाकडे माखुवा, मापुतोच्या बाजूला चांगाना. शहराबाहेर काम असेल तर दुभाषा लागेल.

कारण साधं आहे. फ्रेलिमोच्या, म्हणजे स्वातंत्र्यासाठी लढलेल्या संघटनेच्या, लढ्यात वेगवेगळ्या भाषांची माणसं होती. त्यातली एक भाषा वर काढली असती तर बाकीचे बिथरले असते, म्हणून राज्यकर्त्यांचीच भाषा राजभाषा केली. मग शाळा वाढल्या, १९७७ ते १९९२च्या यादवीत माणसं जीव घेऊन शहरांकडे पळाली, आणि शहरात वेगवेगळ्या मुलखांतल्या आईबापांच्या पोरांची घरातली भाषा पोर्तुगीज झाली.

गोव्यात उलटं. १६८४ला व्हाइसरॉयने फर्मान काढलं होतं, तीन वर्षांत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोला. कोणी ऐकलं नाही. बामणांच्या आणि चार्द्यांच्या (बाटलेल्या क्षत्रियांच्या) काही ख्रिस्ती घरांत, कचेऱ्यांत ती रुजली, पण बाजार कोंकणीचा आणि हिंदू घरांतलं शिक्षण मराठीचं. १९६१नंतर नोकऱ्या इंग्रजीत गेल्या आणि पोर्तुगीज शिकण्याचं कारणच संपलं.

मांडवीकाठ:
शिकायला पणजीत पोर्तुगाल सरकारच्या कामोंइश संस्थेचं भाषाकेंद्र आहे, गोवा विद्यापीठातही पोर्तुगीजचा विभाग आहे. दोन्हीकडे पोर्तुगालचीच भाषा शिकवतात. प्रमाणपत्र हवंच असेल तर 'सिप्ले' परीक्षा द्या, ती अ-२ म्हणजे प्राथमिक पातळीची, पोर्तुगालची. 'सेल्पे-ब्रास'च्या वाटेला जाऊ नका, ती ब्राझीलची.

अ‍ॅप लगेच टाकून देऊ नका, शब्दसंग्रहाला बरं आहे. फक्त ऐकण्याचा सराव मोझांबिकच्या रेडिओवर करा. आणि तिथे गेल्यावर वयाने मोठ्या अनोळखी माणसाला 'तु' म्हणू नका, 'सेन्योर' किंवा 'सेन्योरा' म्हणा.