दया म्हणजे नेमकं करायचं काय?

प्रश्न: दर रविवारी चर्चच्या उपासनेत प्रीती, दया सगळं ऐकतो पण शेजारच्या आजी दोन महिने अंथरुणाला खिळल्यात, मीसुद्धा अजून गेलो नाहीये. मग आपला विश्वास खरा कसा म्हणायचा?

प्रतिसाद १: पंडिता रमाबाई आठवा. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या अन् उपाशी मुली, विधवा यांना घेऊन आल्या, पुणे जिल्ह्यातल्या केडगावचं मुक्ती मिशन त्यातूनच उभं राहिलं. नुसतं जेवू घातलं नाही तर शिकवलं, विणकाम, छापखान्याचं काम हाताला लावलं, अंध मुलींना ब्रेलसुद्धा. पुढे त्याच बाई बायबलचं मराठी भाषांतर करत बसायच्या, मला तर दोन्ही एकच काम वाटतं.

प्रतिसाद २: बायबलमधला मत्तय २५ वा अध्याय वाचा, आजाऱ्याला भेटणं म्हणजे ख्रिस्तालाच भेटणं. माझी आई आजारी होती तेव्हा चर्चमधल्या एक मावशी रोज संध्याकाळी पेज घेऊन यायच्या, प्रार्थना दोन मिनिटांची, मग तासभर आईचे पाय चेपायच्या, नखं कापायच्या. ते अजून डोळ्यासमोर आहे.

प्रश्नकर्ता: वाचून डोळे भरून आले. आज संध्याकाळी जातो. त्या मावशींसारख्या पेजेला तांदूळ कुठला घ्यायचा?

प्रतिसाद २: कण्या घ्या, मऊ शिजवा, मीठ बेताचंच.