परदेशवारीची तयारी : तुमच्या घरून पहिल्यांदा कोण गेलं, कसं गेलं?

जवसाची चटणी
काल माय सकाळीच लोखंडी पेटी उपसून बसली. लुगड्याच्या घडीतून पिशवी काढली, पिशवीतून रुमाल, रुमालातून पासपोर्ट. "पाय बरं, चालते का अजून?" डिसेंबर २०१७ चा आहे, डिसेंबर २०२७ पर्यंत चालतो. आत चारच शिक्के. दोन चेन्नईचे, दोन कोलंबोचे.

तो हातात घेतला आणि त्या वर्षाची सगळी धावपळ डोळ्यांपुढं आली. आमच्या घरून देशाबाहेर गेलेली मायच पहिली. भन्तेजींनी दारव्हा-दिग्रसकडच्या गावांतून ४० जण जमवले होते. अनुराधपूरचा बोधिवृक्ष आणि कॅन्डीचं दंतधातू मंदिर पाहायचं होतं. बोधगयेच्या झाडाची फांदी संघमित्रेनं नेली आणि तिथं लावली, हे मायला प्रवचनं ऐकून तोंडपाठ. ते झाड डोळ्यांनी पाहायचं, एवढंच तिचं म्हणणं. दर महिन्याला हजार रुपये जमा करायची. त्याच साली बोंडअळीनं कापूस खाल्ला. बाबा म्हणाले, राहू दे यंदा. तिनं काही न बोलता दोन शेळ्या बाजारात नेल्या.

पैसे झाले तर कागद अडले. आधारवर नावापुढं 'बाई', मतदान कार्डावर नाही. जन्मतारीख कुठंच नाही. माय म्हणायची, "दीक्षेच्या वर्षाची मी. माही माय मले कडेवर घेऊन दीक्षाभूमीवर गेली होती." म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ ला ती कडेवरची. पण हे लिहिलेलं कुठं? शेवटी तिच्या माहेरच्या शाळेत गेलो. चौथीपर्यंत शिकली ना. गुरुजींनी दाखल-खारीज रजिस्टर काढलं, पानं हातात तुटत होती. सापडलं नाव. तारीख १ जुलै १९५६. माय त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ उभी होती.

आणि मग तीच बोटं अडली. नागपूरच्या पासपोर्ट केंद्रात दहाही बोटांचे ठसे घेतात. वेचणीचे दिवस, कापसाच्या बोंडाची टोकं लागून लागून बोटांची टोकं फाटलेली. यंत्रावर नुसता पांढरा डाग यायचा. डावी करंगळी आली, बाकी नाही. काउंटरवरच्या पोरीनं कोमट पाण्यानं हात धुऊन आणायला सांगितलं, पुसून दिले, एकेक बोट स्वतः धरून दाबलं. पाऊण तास लागला. माय तिला सारखी म्हणत होती, "चाळीस वर्सं कापूस येचला ना बाई, झिजली."

तुमच्या घरची तयारी कशी झाली? सांगा. काय काय नेलं, काय अडलं, कोण रडलं.

मोर्शीचा संत्रा
आमचं वेगळं. २०२२ ला आम्ही संत्रावाले १८ जण मिळून स्पेनला, व्हॅलेन्सियाकडच्या बागा पाहायला गेलो. व्हिसासाठी तीन वर्षांचं आयकराचं रिटर्न मागतात. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, त्यामुळं आमच्यातल्या अर्ध्या लोकांनी रिटर्न कधी भरलंच नव्हतं. मग तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, सात-बारा, आठ-अ, बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, आणि सगळ्याचं इंग्रजी भाषांतर.

सात-बाराच्या इतर हक्कात पीककर्जाचा बोजा. भाषांतरवाला विचारतो, हे पण लिहू का? मले रात्रभर झोप नाई. तिकडच्या साहेबानं वाचलं तर म्हणेल, हा कर्जबाजारी माणूस फिराले चालला. शेवटी जसं आहे तसंच लिहिलं. व्हिसा आला, कोणी काही विचारलं नाही. कर्ज लपवू नका, पीककर्ज म्हणजे गुन्हा नाही.

आणखी एक, तीस हजार युरोचा विमा लागतोच, त्याशिवाय अर्ज घेत नाहीत. टूरच्या पैशावर ५ टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला, तो पुढच्या वर्षी रिटर्न भरून परत मिळाला. पॅन कार्ड आधी नीट करा.

पांढरकवड्याची माई
बोटांचं वाचून डोळे भरले गं. माझ्या सासूचं आधारच सहा वेळा परत आलं होतं त्याच्यापायी. आम्ही पंधरा दिवस रोज रात्री खोबरेल लावून हातमोजे घालून झोपवलं, मग आलं. कुकर लागलाय, नंतर लिहिते.

उन्हाळी भुईमूग
१ जुलै!! आमच्या बँकॉकच्या ग्रुपमध्ये २३ पैकी ९ जणांचा वाढदिवस १ जुलै. सगळे झेडपी शाळेचे. टूरवाल्या पोराला वाटलं यादीच चुकली, त्यानं फोन करून एकेकाला विचारलं. आमचे काका म्हणे, "बाप्पा, त्या दिवशी शाळा उघडली, मास्तरनं आमाले जन्माले घातलं." आम्ही निघालो २८ जूनला. मग तिथं त्यानं एकच मोठा केक आणला, नऊही जणांनी एकाच सुरीला हात लावला. काकांचा साठाव्या वर्षी पहिला केक. फोटो अजून त्यांच्या देव्हाऱ्याशेजारी आहे.

मोर्शीचा संत्रा
@भुईमूग माही पण १ जुलैच. 🙏

वर्धेकाठची
खसखस!! कोणी दुबई-शारजाला जात असेल तर हे नीट वाचा.

नागपूरहून शारजाचं थेट विमान आहे, म्हणून आमच्या भिशीतल्या बायकांनी तेच ठरवलं. निघायच्या आठ दिवस आधी टूरवाल्यांनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं आणि पहिलं वाक्य म्हणजे खसखस तिकडं अमली पदार्थात मोडते, चिमूटभर सापडली तरी सोडत नाहीत. मी गारच पडले. माझा मसाला तयार होता, किलोभर, सावजीचा, खसखस भाजून घातलेला. घरी येऊन तो बाजूला ठेवला, पुन्हा धणे, दगडफूल, खोबरं भाजलं, बिनाखसखशीचा केला. मिक्सरचं भांडं चारदा धुतलं. मन शांत झालं.

निघायच्या आदल्या रात्री साडेदहाला बॅगा बांधल्या, कुलूप लावलं, आडवी झाले आणि ताडकन उठले. डिंकाचे लाडू! लाडवात पण खसखस असते ना! दोन्ही डबे बाहेर काढले. बॅगेचा तळ उलटा करून झटकला, कपडे झटकले, नवरा टॉर्च धरून उभा. मग बाकी चौघींना फोन. तिघींनी घातले होते लाडू. रात्री बारा वाजता आमच्या गल्लीत लाडूवाटप झालं.

आणि खोबऱ्याची वाटी मोठ्या बॅगेत चालत नाही, तेल सुटतं, पेट घेऊ शकते म्हणतात. लोणचं-तेल हातातल्या बॅगेत नेऊ नका, १०० मिलीच्या वर द्रव काढून घेतात. ठेचा सुका करून न्या.

जवसाची चटणी
बाई गं, हे माहीतच नव्हतं. माय चटणी घेऊन गेली होती, जवसाची, त्यात नव्हती म्हणून बरं.

वर्धेकाठची
चटणीत लसूण घालता का? आमच्याकडं जवस, लाल मिरची, मीठ, बास.

उन्हाळी भुईमूग
लसूण पाहिजेच. आणि जिरं.

चिखलदऱ्याचं धुकं
माझे बाबा ३५ वर्षं खर्रा खात होते. भाऊ नोकरीत लागला आणि त्यानं दोघांना सिंगापूरच्या ग्रुपमध्ये घातलं. तिकडं खायचा तंबाखू नेताच येत नाही, च्युइंग गमसुद्धा नाही. बाबा म्हणाले मी नाही येत. आईनं काही वाद घातला नाही, फक्त म्हणाली, "मी एकटी जाईन, पण विमानात बाजूची खुर्ची रिकामी ठेवीन." त्या रात्री बाबा ओट्यावर बसून राहिले. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर हात ठेवून सोडला. पहिले दहा दिवस हात थरथरायचे, चिडचिड, जेवण नाही. आम्ही सगळे बडीशेप खिशात घेऊन फिरायचो. निघायच्या सकाळी आईनं त्यांच्या शर्टाच्या शिवणी चाचपल्या, काहीच नव्हतं. ती तिथंच रडली. सिंगापूर पाच दिवसांचं होतं, खर्रा अजून सुटलेला आहे.

पांढरकवड्याची माई
तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. आमच्याकडं दोघं याच्यापायी गेले.

पातूरची लेक
आमच्या दादींची हजची तयारी लिहू का? तिकडंपण ग्रुपनंच जातात, आणि नागपूरहूनच विमान.

नंबर लागला तेव्हा दादी ६८ च्या. हज कमिटीच्या प्रशिक्षणाला अब्बांनी तिला नेलं, तिथं काबागृहाची प्रतिकृती करून सात फेरे कसे घालायचे ते शिकवतात. मेंदूज्वराची लस घ्यावी लागते. पण दादीला भीती गुडघ्यांची. मग तिनं स्वतःच ठरवलं. रोज फजरच्या, पहाटेच्या नमाजनंतर विहिरीभोवती सात फेरे. आधी तीनच व्हायचे. तुरीला फुलं आली तोवर सात झाले, शेंगा भरल्या तोवर सातनंतर बांधावरून सात येरझाऱ्या. शेजारच्या शेतातले मावशी-काका रोज विचारायचे, "आज किती झाले आज्जी?" निघायच्या दिवशी त्याच काकांनी हिरवी फीत आणली आणि तिच्या बॅगेला बांधली, म्हणजे गर्दीत सापडेल. चाळीस दिवसांनी जमजमचं पाणी घेऊन आली, पहिली बाटली त्यांच्या घरी दिली.

मोर्शीचा संत्रा
वा. फीत बांधायचं आम्ही पण केलं होतं, नारिंगी.

सोयाबीन ४४००
आईबाबांचं पुढच्या महिन्यात व्हिएतनाम आहे. बाबांना साखर, इन्शुलिन चालू. मोठ्या बॅगेत टाकू का? आणि बाबा आठवी शिकले, पासपोर्टवर ईसीआर (कामासाठी जाताना सरकारी परवानगी लागते तो शेरा) आहे, अडवतील का? कोणीतरी लवकर सांगा, एजंट नीट बोलत नाही.

पांढरकवड्याची माई
इन्शुलिन हातातल्या बॅगेतच. खाली सामानात थंडीनं गोठू शकतं, मग कामाचं राहत नाही. डॉक्टरची चिठ्ठी इंग्रजीत घ्या, औषधाचं नाव आणि सुया लिहिलेल्या. बिस्किटाचा पुडा वरच्या खिशात. (मी आशा ताई, म्हणजे गावची आरोग्य कार्यकर्ती आहे, गावातल्या तिघांची तयारी करून दिली.) पॉवर बँक पण हातातच, मोठ्या बॅगेत चालत नाही.

मोर्शीचा संत्रा
ईसीआर कामासाठी जाणाऱ्यांना. फिराले जाणाऱ्याले त्याची परवानगी लागत नाई. परतीचं तिकीट आणि हॉटेलचा कागद वर ठेवा, विचारलं तर दाखवायचं. पासपोर्ट निदान सहा महिने चालणारा असला पायजे, ते आजच पाहून घ्या.

सोयाबीन ४४००
लय धन्यवाद भाऊ, माई. जीव भांड्यात पडला. बाबाले आत्ताच फोन करतो.

उमरखेडची
@जवसाची चटणी, ताई थांबा. दिग्रसकडचे भन्तेजी, श्रीलंका, २०१८ चा फेब्रुवारी? माझी आत्या होती त्याच ग्रुपात! पांढरं लुगडं, उंच, दातात फट. चेन्नईपर्यंत रेल्वेनं गेले, आणि आत्यानं ४० जणांच्या दोन दिवसांच्या भाकरी भाजून नेल्या होत्या, ज्वारीच्या, कापडात बांधून. आत्या गेली गेल्या वर्षी. तिच्याकडं एक फोटो होता, मोठ्या झाडाखाली, बाजूला एक बुटकी बाई हात जोडून. ती तुमची माय तर नाही?

जवसाची चटणी
मी मायला आत्ता वाचून दाखवलं. ती म्हणाली, "भाकरवाली बाई!" आणि पदर डोळ्याला. फोटो पाठवा ना. मायकडं एकही नाही. विमानात दोघी शेजारी होत्या म्हणते, पट्टा कसा लावायचा ते तुमच्या आत्यानं दाखवलं. चेन्नईला तपासणीच्या दारात मायच्या जोडव्यांनी शिट्टी वाजली, ती घाबरली, तेव्हा तुमच्या आत्यानं आधी स्वतःची काढून दाखवली.

उमरखेडची
हो ती तशीच होती. फोटो दादाकडं आहे, संध्याकाळी काढून पाठवते. 🙏🙏

पांढरकवड्याची माई
पोरींनो, मला पण रडवलं. आता स्वयंपाक कसा करू.

उन्हाळी भुईमूग
पोलीस तपासणीचं कोणी लिहिलं नाही? आमच्याकडं हवालदार आला तर आज्जीला वाटलं पोरानं काही केलं. त्याला आधी चहा, मग पोहे, मग घरचे सात साक्षीदार उभे केले. त्यानं दोनच सह्या मागितल्या होत्या.

वर्धेकाठची
ताई, सहीवरून विचारते, मायची सही की अंगठा?

जवसाची चटणी
सहीच. फॉर्मवर अंगठा चालतो, मी तेच म्हटलं होतं. बोटं आधीच फाटलेली, कशाला त्रास. पण माय ऐकेना. दिवाळीपासून रोज रात्री कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर नाव गिरवायची. चौथी सोडून पन्नास वर्षं झालेली. 'बाई' लिहू की नको ते मला विचारायची, मग शाळेच्या रजिस्टरात नाही म्हणून गाळलं. ऑक्टोबरचं पान पूर्ण भरलं, नोव्हेंबरचं अर्धं. ती पानं अजून पेटीच्या तळाला आहेत, काल दिसली. साठीच्या वर म्हणून १५०० मधले १० टक्के सुटले, १३५० भरले, ती पावतीपण त्याच रुमालात आहे.

आणि पेटी का उपसली ते सांगायचं राहिलं. गावातल्या बाया यंदा लुंबिनीला निघाल्या, मायचं नाव पहिलं. मी म्हटलं, माय, नेपाळला पासपोर्ट लागत नाही, मतदान कार्डावर जाता येतं. तर रुसली. "लागत नसंन तर नसो. मी नेतो मंग. तिथल्या साहेबाले म्हनीन, मार शिक्का." आता बोटांना खोबरेल लावून बसली आहे, मी सांगितलं नव्हतं तरी.