गीता दत्त: गाणं घराने थांबवलं की धंद्याने?

मध्यलय

पार्श्वगायिका गीता दत्तबद्दल बोलायला बसलं की तिसऱ्या वाक्याला तिचा नवरा, दिग्दर्शक गुरुदत्त येतो, चौथ्याला त्याच्या चित्रपटांची नायिका वहिदा रेहमान आणि पाचव्याला दारू. ती काय गायली, कुणाकडे गायली, केव्हापर्यंत गायली हे राहूनच जातं. रूढ गोष्ट अशी: १९५३ मध्ये लग्न झालं, नवऱ्याने बाहेरच्या चित्रपटांत गायला मनाई केली, संसार विस्कटला, दारू लागली, आवाज गेला. माझ्या मते ही गोष्ट तारखांपुढे टिकत नाही. ज्यांना पटत नाही त्यांनीही तारखांसकट बोलावं.

लग्न २६ मे १९५३ चं. त्यानंतर १९५५ मध्ये 'देवदास'मध्ये मन्ना डेंबरोबर 'आन मिलो श्याम सांवरे', 'मुनीमजी'त हेमंतकुमारबरोबर 'दिल की उमंगें हैं जवां', 'मिलाप'मध्ये एन. दत्तांकडे 'जाते हो तो जाओ'. १९५६ ला 'भाई भाई'त मदनमोहनकडे 'ऐ दिल मुझे बता दे'. १९५७ ला बंगालीत 'हारानो सुर', सुचित्रा सेनच्या तोंडी 'तुमि जे आमार'. १९५८ ला 'हावडा ब्रिज' आणि 'डिटेक्टिव्ह' (याचं संगीत तिच्या भावाचं, मुकुल रॉयचं). १९५९ ला बिमल रॉयच्या 'सुजाता'त 'नन्ही कली सोने चली'. यातला एकही चित्रपट गुरुदत्तचा नाही. मनाई असलीच, तर ती सहा वर्षं तरी कुणी पाळलेली दिसत नाही.

मग गाणी कमी कशाने झाली? संगीतकार ओ. पी. नय्यरचा प्रवास बघा. 'आर पार' (१९५४) आणि 'मिस्टर अँड मिसेस ५५' (१९५५) गीताच्या आवाजावर उभे आहेत. १९५७ मध्ये 'नया दौर' आणि 'तुमसा नहीं देखा' येतात आणि नायिकेची गाणी आशाकडे जातात. १९५८ च्या 'हावडा ब्रिज'मध्ये तर वाटणी उघड दिसते. मधुबालाच्या तोंडी 'आइये मेहरबाँ' आशाचं, हेलनच्या तोंडी 'मेरा नाम चिन चिन चू' गीताचं. पार्श्वगायिकेचा भाव तेव्हा नायिकेच्या गाण्यांवर ठरायचा. क्लबमधलं एक गाणं कितीही गाजलं तरी पुढच्या चित्रपटाची चार गाणी त्यातून मिळत नसत.

दुसरं दार सचिनदेव बर्मनचं. १९५७-५८ पासून १९६२ पर्यंत त्यांचं आणि लताचं बिनसलेलं होतं. 'दो भाई' (१९४७) आणि 'बाज़ी' (१९५१) ही गीताची दोन मोठी वळणं बर्मनदांनीच दिलेली, म्हणजे ती रिकामी जागा हक्काने तिची होती. ती बहुतांशी आशाकडे गेली: 'काला पानी', 'चलती का नाम गाडी', दोन्ही १९५८ चे. बाजार सरकला आणि गीता मागे राहिली. तिचा संसार सुखाचा असता तरी हे घडलं असतं.

शर्वरी

तारखा बरोबर आहेत, त्यातून काढलेलं शेवटचं वाक्य मात्र मान्य नाही. बर्मनदांसारखा संगीतकार हक्काची गायिका सोडून दुसरीकडे का वळला, हा प्रश्न तुम्ही "बाजार सरकला" म्हणून मिटवून टाकलात.

त्या काळचं ध्वनिमुद्रण कसं चालायचं ते बघा, म्हणजे घरातली अशांती धंद्यात कुठून शिरते ते कळेल. आधी संगीतकाराकडे सिटिंग, म्हणजे चाल शिकण्याची बैठक. गायिका शब्द स्वतःच्या हाताने वहीत उतरवून घेते आणि श्वास कुठे घ्यायचा, हरकत (सुराचं छोटं वळण) कुठे घ्यायची याच्या खुणा करते. मग तालमी, एक किंवा अनेक. अरेंजर वादकांचे भाग लिहून काढतो. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी सगळा वाद्यवृंद एकाच दालनात, गायिका तिथेच किंवा शेजारच्या बंद खोलीत. ध्वनिमुद्रक माइकची अंतरं लावतो, बॅलन्स जुळवतो, आणि मग टेक. आवाज आणि वाद्यं वेगवेगळ्या ट्रॅकवर घेऊन नंतर जुळवण्याची सोय नव्हती. सव्वातीन मिनिटांच्या गाण्यात तिसऱ्या मिनिटाला कुणी चुकलं तर सगळे पहिल्यापासून. वादकांचा पैसा शिफ्टवर, स्टुडिओचं भाडंही शिफ्टवर. शिवाय चित्रीकरण तयार गाण्यावर व्हायचं, म्हणून सेट, नर्तक आणि नटनट्यांच्या तारखा त्या एका टेकवर टांगलेल्या असत.

अशा व्यवस्थेत गायिका एक तालीम चुकवते तेव्हा तिचं मानधन बुडतं ते सगळ्यात लहान नुकसान. निर्मात्याचा आठवडा जातो. दोनदा असं झालं की संगीतकार तिसऱ्यांदा फोन करत नाही, आवाज कितीही आवडता असो. १९५४ ला पहिलं मूल, १९५६ ला दुसरं. १९५७ ला गुरुदत्तने 'गौरी' काढला, गीता नायिका आणि पडदा सिनेमास्कोप, म्हणजे नेहमीपेक्षा रुंद. कोलकात्यात काम सुरू झालं आणि चित्रपट बंद पडला. तुमच्याच यादीतलं कलाटणीचं वर्ष १९५७ आहे. बाजार आणि घर एकाच वर्षी सरकतात, आणि तुम्ही त्यातलं एकच मोजता.

कोमल निषाद

शर्वरी, मुद्दा पटतो, पण मग आशाचं काय? १९४९ मध्ये सोळाव्या वर्षी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न, त्या संसारातला त्रास तिने स्वतः जाहीरपणे सांगितलेला, १९६० च्या सुमारास मुलांना घेऊन बाहेर पडणं. नय्यरकडे ती बहरली ती याच वर्षांत. दोघींची घरं अडचणीची, दोघींना लहान मुलं. एकीचं गाणं वाढतं, दुसरीचं आटतं. घर हेच कारण असेल तर दोघींचं सारखं व्हायला हवं होतं.

शर्वरी

फरक घरातल्या पैशाच्या वाटेत आहे. आशाला गायलं तरच घर चालणार होतं. मिळेल ते गाणं, मिळेल त्या दर्जाचा चित्रपट तिने घेतला. गीताच्या घरात निर्माता-दिग्दर्शक होता, म्हणजे तिचं उत्पन्न वरकरणी ऐच्छिक होतं. ऐच्छिक काम घरच्या ताणात पहिलं गळून पडतं. मनाई शब्दांत झाली की नाही हा वाद व्यर्थ आहे. "आज नको जाऊस" हे रोज ऐकावं लागणं पुरेसं असतं.

आणि पुढचा भाग फार वाईट आहे. १९५९ ला 'कागज़ के फूल' आपटला, त्यानंतर दिग्दर्शक म्हणून गुरुदत्तने नाव लावलं नाही. १० ऑक्टोबर १९६४ ला तो गेला तेव्हा मुलं साधारण दहा, आठ आणि दोन वर्षांची होती. ऐच्छिक वाटणारं गाणं रातोरात एकुलतं साधन झालं, आणि तोवर तिला बोलावणारे पांगले होते.

तबकडी ७८

इथे पैशाचा हिशेब नीट मांडायला हवा, कारण "एवढी मोठी गायिका, मग हाल कसे?" हा प्रश्न लोक फार सहज विचारतात.

पार्श्वगायिकेला गाण्यामागे एकरकमी मानधन. तबकड्या दहा विकल्या काय आणि लाख विकल्या काय, बहुतेकांना पुढे काही नाही. साठच्या दशकात लता आणि रफी यांच्यात रॉयल्टीवरून जे बिनसलं ते याच कारणाने. लता मागत होती, रफीचं म्हणणं होतं की मानधन घेतलं की व्यवहार संपला. कायदाही गायकाच्या बाजूला नव्हता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गायकाच्या गायनाला हक्कच नव्हता. तो आला १९९४ च्या दुरुस्तीत, आणि रॉयल्टीतला वाटा २०१२ मध्ये. गीता गेली २० जुलै १९७२ ला. म्हणजे रेडिओवर रोज वाजणारी तिची गाणी तिच्या मुलांच्या फीला एक रुपया देत नव्हती. १९६४ नंतर तिने स्टेजचे कार्यक्रम केले, १९६७ मध्ये 'बधू बरन' या बंगाली चित्रपटात नायिकेचं काम केलं. ही हौस नव्हती, उपजीविका होती.

मानसन्मानाचंही तसंच. फिल्मफेअरचा पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला १९५९ मध्ये, आणि १९६७ पर्यंत स्त्री-पुरुष मिळून एकच. गीताची भरभराटीची वर्षं त्याआधीची. तिच्या नावावर एकही नाही याचं आश्चर्य वाटायला नको. घर आणि धंदा अशी दोन टोकं धरून तुम्ही भांडताय, पण या दोघांच्या मधली भिंतच धंद्याने बांधली नव्हती. गायिका आजारी पडली, विधवा झाली, तर तिला पोसेल असं काहीही नव्हतं.

स्वरपेटी

"दारूने आवाज गेला" हे वाक्य वर आलंय. यात दोन गोष्टींची गल्लत होते, ती सोडवतो.

दारूने स्वरतंतूंवरचा ओलावा कमी होतो, सूज येते, जठरातलं आम्ल वर येऊन घशाचा मागचा भाग भाजत राहतो. वरच्या सप्तकातला स्वच्छ सूर आधी जातो, मग हळू आवाजात सूर धरून ठेवणं जमेनासं होतं. दुसरं नुकसान कानाचं. नशेत स्वतःचा सूर किती उतरलाय याची जाणीव बोथट होते, म्हणून गाणारा बेसूर असतो आणि त्याला कळत नाही. लिव्हर सिऱ्होसिस, म्हणजे यकृत निकामी होत जाणं, ही याच्या पुढची अवस्था. स्नायू झिजतात, पोटात पाणी साठलं तर ते श्वासपटलाला वर ढकलतं, आणि लांब ओळ एका श्वासात पेलत नाही. या आजारात सहसा तंतूंच्या आधी श्वास हरतो.

आता 'अनुभव' (१९७१) ऐका. 'कोई चुपके से आके', 'मेरा दिल जो मेरा होता', 'मेरी जाँ मुझे जाँ न कहो'. मृत्यूच्या आदल्या वर्षी आलेला चित्रपट. सूर जागेवर आहे, शब्दांची फेक शाबूत आहे. पण ओळी तुटक, पट्टी सांभाळलेली, वाद्यं मोजकी. कनू रॉयने चाली अशा बांधल्या की लांब श्वासाची परीक्षाच होऊ नये. आवाज गेला नव्हता. त्याला साजेशी चाल बांधणारे उरले नव्हते.

मध्यलय

स्वरपेटी, तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांनी माझ्याच बाजूला वजन येतंय. १९७१ ला आवाज असा असेल तर १९६३ ला तो याहून वाईट असण्याचं कारण नाही. 'साहिब बीबी और गुलाम' (१९६२) घ्या. मीनाकुमारीची तिन्ही गाणी गीताची, 'न जाओ सैंया' त्यातलंच. त्या तिन्ही गाण्यांत एक उणा सूर दाखवा. आणि त्यानंतर हिंदीत जवळजवळ शुकशुकाट. बोलवणाऱ्यांनी बोलवलं नाही, हीच माझी तक्रार आहे.

शर्वरी

आणि तो चित्रपट कुणाचा होता? गुरुदत्त निर्माता, संगीत हेमंतकुमारचं. ज्या घराने तिचं गाणं आटवलं असं मी म्हणते, त्याच घरातून तिचं सर्वोत्तम काम आलं, हे मी नाकारत नाही. म्हणूनच ही गोष्ट जड आहे. पण घरच्या चित्रपटात ती वेळेवर पोहोचते याचा पुरावा बाहेरच्या संगीतकाराला धीर देत नाही.

आंदोलित

तुमच्या सगळ्यांशी माझं एका बाबतीत भांडण आहे. 'कागज़ के फूल'मधलं 'वक़्त ने किया' निघालं की लोक म्हणतात, बिचारी स्वतःचंच दुःख गात होती, आणि पडद्यावर चेहरा कुणाचा होता बघा. असं म्हणताना आपण तिच्याकडून तिची कारागिरी काढून घेतो.

त्या गाण्यात दुःख कशाने उभं राहतं ते ऐका. ती मुखडा जवळपास बोलण्याच्या आवाजात टाकते. ओळीच्या शेवटचा सूर लांबवत नाही, सोडून देते. मुरकी, म्हणजे सुरांची झटकन घेतलेली गिरकी, जवळजवळ नाहीच. अंतऱ्यात चाल वर चढते तेव्हा आवाजाचा जोर वाढवण्याचा मोह प्रत्येकाला होतो, ती वाढवत नाही. हे सगळे निर्णय आहेत. 'जोगन' (१९५०) मधली मीरेची भजनं गायली तेव्हा ती विशीतही नव्हती, लग्न तीन वर्षं पुढे होतं, आणि त्यातली व्याकुळता कमी नाही. 'बाज़ी'तली खट्याळ फेकही तिचीच. दुःखी बाई दुःखी गाते एवढंच खरं असतं, तर 'बाबूजी धीरे चलना' कुठून आलं?

कोमल निषाद

आंदोलित, कारागिरीचं मान्य. पण खासगी आयुष्य बोलायचंच नाही असं म्हणत असाल तर तेही नको. शर्वरी आणि तबकडी यांनी जे मांडलं, शिफ्टचा पैसा, रॉयल्टी नसणं, मुलांची वयं, ते सगळं खासगीच आहे आणि त्यातून धंद्याचं खरं रूप कळतं. वहिदाचं नाव घेऊन कुजबुजण्याने काय कळतं? वहिदाच्या तोंडी गीताने 'प्यासा'त गायलं, 'कागज़ के फूल'मध्ये गायलं, वहिदा नायिका असलेल्या 'चौदहवीं का चाँद'मध्ये (१९६०) 'बालम से मिलन होगा' गायलं. दोघी आपापलं काम करत होत्या.

आंदोलित

तुम्ही मोजलंत ते हिशेबाचं खासगी आहे, ते बोलावंच. माझा आक्षेप शयनगृहात डोकावण्याला आहे.

तबकडी ७८

मध्यलय, "बोलवलं नाही" यात एक भर. १९६४ नंतर हिंदीत नव्या नायिका, नवे संगीतकार आणि लता-आशा एवढाच मार्ग उरला होता. शमशाद बेगमची गाणीही याच काळात ओसरली, आणि तिच्या घरात कुणी दिग्दर्शक नव्हता. सुमन कल्याणपूरला लता उपलब्ध नसताना बोलावणं यायचं, हे तर सर्वश्रुत आहे. तेव्हा शर्वरी, घराचा वाटा मी मान्य करतो, पण १९५७ ते १९६२ पुरता. त्यापुढची दहा वर्षं धंद्याच्या खात्यावर टाका.

शर्वरी

१९६४ पर्यंत ओढा, मग मान्य. त्या काळाच्या अखेरीस गुरुदत्त वेगळा राहत होता आणि तिसरं मूल कडेवर होतं. तो काळ धंद्याच्या खात्यावर मी जाऊ देणार नाही.